घरबसल्या गुप्तहेर

फराळाबरोबर एखादे खूनप्रकरण चघळायला कुणाला आवडत नाही? मलाही रहस्यकथा वर्ज्य नाही. परंतु मेलेल्या माणसाची अब्रू घेण्याचा मक्ता या हौशी गुप्तहेरांना दिला कुणी?

४ ऑगस्ट १९५२ च्या रात्री फ्रान्समध्ये लूर्स गावाजवळ रस्त्याकडेला मोटार लावून सर जॅक ड्रमंड, त्यांची पत्नी व दहा वर्षांची मुलगी उघड्यावर झोपली होती. उजाडेपर्यंत तिघांचेही खून झाले. शेजारच्या मळ्यातल्या गॅस्टन डोमिनिसी या म्हाताऱ्याला १९५४ साली देहान्ताची शिक्षा झाली. त्याच्या एका मुलाने बापाविरुद्धची जबानी फिरवली. १९६० साली द गॉल यांनी म्हाताऱ्याला सोडले. संशय अजून फिटलेला नाही. मान्य!

पण म्हणून ड्रमंड हेर? का, तर म्हणे शास्त्रज्ञ होते, युद्धकाळात सरकारी सल्लागार होते! अहो, ते खाते अन्नाचे. रेशनच्या दिवसांत इंग्रजांच्या ताटात सत्त्व राहावे म्हणून हे गृहस्थ झटले. व्हिटॅमिनांची ए, बी, सी ही सुटसुटीत नावे १९२० साली त्यांनीच सुचवली. या पंडितांच्या ते गावीही नाही!

आणि ती पोर? बंदुकीच्या दस्त्याने तिचे डोके फोडले होते. एलिझाबेथ तिचे नाव. तिने कोणती गुपिते पळवली होती, तेही या महाशयांनी एकदा सांगून टाकावे.