चाळण कोणाच्या हाती?

गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या तालुक्यातील कार्यकर्त्यांना उसाच्या थकलेल्या बिलांसंबंधीच्या बैठकीचे निमंत्रण ई-मेलने धाडण्यात आले. बैठकीस निम्मेही लोक आले नाहीत. चौकशीअंती उलगडा झाला की, पत्र पोहोचले होते. परंतु ते 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात, लॉटरीच्या आमिषांच्या आणि बनावट कर्जांच्या गर्दीत पडून होते. 'थकबाकी', 'रक्कम', 'व्याज', 'त्वरित' हे शब्द आमच्या पत्रात होते. लुबाडणाऱ्याच्या पत्रातही तेच असतात. यंत्राने पत्र नेमके कशामुळे बाजूस टाकले, हे कळण्यास मार्ग नाही. हे न कळणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चाळण नकोच, असे माझे म्हणणे नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात एकाच वेळी पाठविली, तेथून या उपद्रवाचा आरंभ मानला जातो. हजारो पत्रे पाठविण्यास पाठविणाऱ्याला जवळजवळ काहीच पडत नाही. वेळ आणि फसवणूक यांची किंमत घेणारा मोजतो. खर्च समाजाच्या माथी मारून नफा खिशात घालण्याचाच हा प्रकार. त्याला आवर घातलाच पाहिजे.

हा आवर शब्दांच्या मोजणीने घालता येतो, हे १९९८ साली काही अमेरिकी संशोधकांनी दाखविले आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरच्या निबंधाने ते सर्वतोमुखी केले. त्यामागील गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे असून त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाले आहे. ते आपल्या व्यवहारातील उदाहरणाने समजून घेऊ. समजा, शंभर लबाड पत्रांपैकी ४० पत्रांत 'बक्षीस' हा शब्द आढळला आणि शंभर चांगल्या पत्रांपैकी केवळ २ पत्रांत. मग 'बक्षीस' असलेले पत्र लबाड असण्याची शक्यता बेचाळिसात चाळीस, म्हणजे सुमारे ९५ टक्के. आता त्याच पत्रात 'ऊस' हाही शब्द आहे आणि तो ३० चांगल्या व एकाच लबाड पत्रात आढळतो, असे धरा. दोन्ही शब्द परस्परांपासून स्वतंत्र मानून गुणाकार केला, तर लबाडीची शक्यता ४० टक्क्यांवर उतरते. ऊसपीक स्पर्धेच्या बक्षिसाचे पत्र अशा रीतीने वाचते. ते 'ऊस' या एका शब्दाने वाचविले!

परंतु हा शब्द वाचवतो केव्हा? मोजणी ऊस पिकविणाऱ्यांच्या पत्रांतून झाली असेल, तेव्हाच. जेथे उसाची पत्रेच मोजली गेली नाहीत, तेथे तो शब्द मुका राहतो आणि 'बक्षीस' एकटाच न्यायनिवाडा करतो. गणित निःपक्षपाती असते. मोजायला घेतलेला ढीग निःपक्षपाती असेलच असे नाही.

आपल्या चळवळीला या ढिगाचा एक दाखला मोठा झोंबणारा वाटेल. दाभोळच्या ज्या एन्रॉनविरुद्ध महाराष्ट्रातील पुरोगामी कार्यकर्ते लढले, ती कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. चौकशीच्या ओघात तिच्या कर्मचाऱ्यांचा पत्रव्यवहार अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ साली जाहीर केला. पुढे स्पॅमच्या चाळण्या पारखण्यासाठी संशोधकांनी 'चांगल्या पत्रां'चा नमुना म्हणून हीच पत्रे घेतली! त्यांत संशोधकांचा दुष्ट हेतू नव्हता. तो ढीग फुकट व उघड उपलब्ध होता. सामान्य माणसाची मोजणी कोणी केली नाही, म्हणून एन्रॉनची झाली.

मराठीची अडचण याहून निराळी आहे. इंग्रजीत शब्द बहुधा एकाच रूपात येतो. आपल्याकडे 'ऊस', 'उसाला', 'उसाचा', 'उसाच्या' अशी त्याची रूपे होतात. ती एका मुळाशी न जोडता मोजली, तर प्रत्येकाचा आकडा क्षीण होतो. त्यात काही मराठी पत्रे रोमन लिपीत लिहिली जातात, ती वेगळीच.

चाळणीचे नियम उघड केले तर लबाडांचेच फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण त्याचे उत्तर ग्रॅहमच्या निबंधातच आहे. प्रत्येकाची मोजणी त्याच्या स्वतःच्या पत्रांवरून झाली, तर हळदीच्या अडत्याचे कोष्टक निराळे आणि शिक्षिकेचे निराळे. लबाडाने कोणते चोरावे? शिवाय त्याने चांगल्या पत्रांतील शब्दांचे आकडे दुप्पट धरले होते. कारण दहा लबाड पत्रे आत येण्यापेक्षा एक खरे पत्र हरवणे अधिक वाईट. न्यायाचे हे तत्त्व आहे. थंडरबर्डसारख्या मुक्त प्रणालीत अशी चाळण आजही वापरणाऱ्याच्या संगणकावरच शिकते. मोठ्या कंपन्यांच्या चाळण्या आता शब्दांखेरीज पाठविणाऱ्याची पत आणि इतरांच्या तक्रारीही जमेस धरतात. 'हे स्पॅम आहे' असे बटण दाबून कोट्यवधी लोक त्यांना शिकवितात. श्रम सर्वांचे, कोष्टक मात्र खाजगी तिजोरीत. कारखानदारीतील जुनीच कहाणी येथे नव्या वेषात आली आहे.

मग करायचे काय? पहिले काम घरचे. कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडावा, आपले पत्र तेथे आढळल्यास ते 'स्पॅम नाही' असे नोंदवावे, पक्ष-कार्यालयाचा पत्ता आपल्या यादीत जतन करावा. दुसरे काम मागणीचे. पत्र कशामुळे अडविले, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने मिळाला पाहिजे. तिसरे काम उभारणीचे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक पैशातून मराठी विश्वकोश उभा राहिला. ज्ञान ही कोणाची खाजगी मिळकत नव्हे, ही श्रद्धा त्यामागे होती. त्याच श्रद्धेने शिवाजी विद्यापीठ व आपली महाविद्यालये यांनी, लोकांच्या संमतीने आणि नावे-पत्ते वगळून, व्यवहारातील मराठीची सार्वजनिक मोजणी हाती घ्यावी. तीत बाजार समितीची पत्रे असावीत, पतसंस्थेची असावीत, मोर्चाची निमंत्रणेही असावीत.

बेकारी आणि दुष्काळाचे प्रश्न पुढे असताना ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. त्या प्रश्नांवरच्या बैठकीचे निमंत्रणच पोहोचले नाही, तर ते प्रश्न मांडणार कोण?