गळाला चार, बादलीत चाळीस

वर्गमित्रांनो आणि भित्तिपत्रकापाशी थांबलेल्या पालकांनो,

गळ टाकू नका, असे सांगायला मी हा लेख लिहीत नाही. आपल्या गावात बऱ्याच घरांत गळ आहे. नदीची मरळ किंवा वाम मिळाली तर त्या दिवशी कालवणाचा वास शेजारच्या चार घरांत जातो. त्यात वाईट काही नाही. माझे म्हणणे आहे ते गळाला लावायच्या जिवंत माशांविषयी. ते मासे नदीतून आणत नाहीत, आपल्या ओढ्यातून आणतात. आणि ते धरायचं काम मोठी माणसं करत नाहीत, आपण पोरं करतो. "जा रे, ओढ्यावरनं चार बारकं मासं घेऊन ये," एवढं सांगून मोठी माणसं गळाला दोरी बांधत बसतात. ते चार म्हणतात. आपण आणतो चाळीस. माझे स्पष्ट मत असे आहे, की हे वरचे छत्तीस मासे फुकट जातात आणि त्यामुळे आपला ओढा रिकामा होत चालला आहे.

ज्यांच्या घरी गळ नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. हलणारं भक्ष्य दिसलं की झडप घालतात. कणकेच्या गोळीकडे मरळ ढुंकूनसुद्धा बघत नाही. म्हणून बोटाएवढा जिवंत मासा गळात ओवून पाण्यात सोडतात. संध्याकाळी काठाला चार-पाच खुंट्या ठोकायच्या, प्रत्येकीला एक गळ बांधायचा आणि झुंजूमुंजू होताना जाऊन बघायचं, अशी रीत आहे. म्हणजे एका रात्रीला पाच मासे लागतात. एखादा मरेल, एखादा ओवताना निसटेल, म्हणून आठ धरा. आठाच्या वर कशाला पाहिजेत, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता ओढ्यात आहे काय, ते बघू. पोरं सगळ्यांना मिळून "बारकं मासं" म्हणतात, पण ते सगळे एक नव्हेत. दगडाला चिकटून बसतो तो मल्या. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि तोंडाच्या मागं एक चकती असते. तिच्या जोरावर तो धारेतसुद्धा दगड सोडत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. वाळूत तोंड खुपसून बसते ती मुरी. चांदीसारखा चमकणारा आणि अंगावर लांब काळी रेघ असलेला तो दांडवण. तो डासांच्या अळ्या खातो. पाऊस संपल्यावर ओढ्याच्या कडेला डबकी राहतात, तिथं दांडवण असला तर डास कमी होतात. ताप आला म्हणून दवाखान्यात जाताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मल्याची एक गोष्ट मला फार आवडली. इंग्रजांच्या कंपनीच्या चाकरीत कर्नल साइक्स नावाचा एक अधिकारी दख्खनमध्ये होता. त्याने इथल्या माशांचा अभ्यास केला. नवीन मासा सापडला की त्याला शास्त्रीय नाव द्यावं लागतं. साइक्सने १८३९ साली बऱ्याच माशांना आपल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. त्यामुळे मल्याचं शास्त्रीय नाव आजही "गारा मुल्या" असं आहे. म्हणजे परदेशातला शास्त्रज्ञसुद्धा या माशाला आपल्या आज्यापणज्याच्या शब्दाने ओळखतो. आणि आपण त्याला बादलीत घालून उन्हात ठेवतो!

बादलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरा नाश तिथंच होतो. मासा पाण्यात मिसळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. एका बादलीत चाळीस मासे कोंबले आणि ती बादली बांधावर उन्हात ठेवली, की थोड्या वेळात ते वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. मल्या तर वाहत्या पाण्याचा जीव, तो सगळ्यांच्या आधी उलटा होतो. संध्याकाळपर्यंत निम्मे मेलेले असतात. मग मोठा भाऊ म्हणतो, "मेलेलं काय कामाचं? जा, आणखी आण." आपण पुन्हा ओढ्यावर. असे चाळीसाचे साठ होतात आणि गळाला लागतात ते पाचच. त्यापेक्षा आठच मासे रुंद तोंडाच्या भांड्यात, सावलीला, वर ओला फडका टाकून ठेवले आणि मधून मधून ओढ्याचं ताजं पाणी घातलं तर रात्रीपर्यंत आठही जिवंत राहतात. ओवताना पाठीच्या कण्याला धक्का न लावता ओवला, तर मासा गळालाही पुष्कळ वेळ जगतो. हे मी एका जाणत्या आजोबांकडून ऐकलं. ते आयुष्यभर गळ टाकत आले. त्यांच्या भांड्यात सहाच्या वर मासे मी कधी बघितले नाहीत, आणि ते कधी मोकळ्या हाताने परतलेलेही बघितले नाहीत.

मासे धरायची तऱ्हाही बदलली आहे. पूर्वी बांबूची पाटी धारेला आडवी धरत आणि वरून पाय आपटत यायचे. पाटीच्या फटींतून अगदी बारकी पिल्लं निसटून जात. आता मच्छरदाणीचं कापड आलं. दोघांनी दोन टोकं धरली की ओढ्याची रुंदीच झाकते. त्या कापडातून डोळ्याला न दिसणारं पिल्लूसुद्धा सुटत नाही. ते पिल्लू गळाला लावता येत नाही, भाजून खाता येत नाही. ते काठावर वाळतं एवढंच.

पण मच्छरदाणीपेक्षाही वाईट म्हणजे उपसा. डबक्याच्या दोन्ही अंगांना दगडमातीचा बांध घालायचा आणि घमेल्यांनी पाणी उपसून काढायचं. मला कबूल आहे, यात मजा फार येते. सगळी आळी जमते. पण हे आपण कधी करतो? उन्हाळ्याच्या सुट्टीत. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा असतो, तेव्हा आपली शाळा असते. वैशाखात ओढ्याची धार तुटलेली असते, पाणी फक्त चार-पाच डबक्यांत उरलेलं असतं, आणि नेमकी तेव्हा आपल्याला दीड महिना सुट्टी! त्या डबक्यांत जे मासे जीव धरून राहिलेले असतात तेच पुढच्या वर्षीचं बी. शेतकरी घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. आपण मात्र दरसाल ओढ्याची कणगी फोडतो, आणि भाद्रपदात म्हणतो, की यंदा मासं दिसंनात.

मृग लागला की दुसरी गडबड. पहिल्या मोठ्या पावसाला नदीतले मासे ओढ्याच्या धारेवर वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. घाटाखाली ठाणे-रायगडकडे यांना वलगणीचे मासे म्हणतात, आपल्याकडे चढणीचे. ते खायला लोक पाट्या घेऊन पळतातच, मी एकट्याने सांगून ते थांबणार नाहीत. पण गळाच्या चाऱ्यासाठी तरी पोटात अंडी असलेली मासळी त्या आठ-पंधरा दिवसांत धरू नये. तसंच मरळीचं. पावसाळ्यात कडेच्या संथ पाण्यात तांबूस पिल्लांचा घोळका वर वर फिरताना दिसतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करीत असते. काही जण त्या घोळक्यात जिवंत मासा लावलेला गळ सोडतात. मरळ भूक लागली म्हणून त्याला धरत नाही, पिल्लांपासून हाकलायला धरते. ती वर आली की खालची पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. एका कालवणासाठी अख्खा घोळका जातो, हा हिशेब मला पटत नाही.

मग गळाला लावायचं काय, असे पालक विचारतील. विचारायलाच पाहिजे, कारण काही घरांना त्या मासळीचे चार पैसे मिळतात. वाम गांडुळाला चांगली लागते. वैशाखात जमीन कोरडी पडते आणि गांडूळ मिळत नाही, हे खरं. पण नळाच्या मोरीचं पाणी केळीला जातं, तिथली माती उकरली तर मिळतं. कोंबडीची आतडी काहींना चालतात. मरळीसाठी जिवंत मासा हवाच असेल तर होळीपासून मृगापर्यंत तो ओढ्यातून न आणता नदीच्या मोठ्या पाण्यातून धरावा. तिथून आठ गेले तर नदीला कळणार नाही, ओढ्याच्या डबक्याला कळतं. काही जण म्हणतात, माशाऐवजी बेडूक लावा. हे मला आणखी वाईट वाटतं. बेडूक भाताच्या खाचरातले किडे खातो. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा मोठा धंदा आपल्या देशात होता, तो सरकारने १९८७ साली बंद केला. उगाच नाही केला.

चिलापीबद्दलही सांगायला हवं. तळ्यावरून चिलापीची पिल्लं चाऱ्यासाठी डब्यात भरून आणायची आणि उरलेली जाता जाता ओढ्यात ओतायची, असं काही मुलं करतात. त्यांना वाटतं आपण पुण्य केलं. चिलापी हा इथला मासा नव्हे. तो १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आणला. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची बेसुमार वाढ होते, आणि मग इथल्या माशांना अन्न आणि जागा पुरत नाही. उजनीच्या जलाशयातही चिलापीचा किती सुकाळ झाला आहे ते त्या बाजूच्या पाहुण्यांना विचारा. आरोग्य खात्याची माणसं हौदात गप्पी मासे सोडतात ते हौदापुरते ठीक, तेही ओढ्यात सोडू नयेत. जिथला मासा उरला तो तिथंच परत सोडावा, दुसऱ्या पाण्यात नाही.

ब्लीचिंग पावडर आणि तोटा यांवर मी जास्त लिहीत नाही. इंग्रजी अमदानीत १८९७ साली झालेल्या कायद्यातसुद्धा विष टाकून आणि सुरुंग उडवून मासे मारायला बंदी होती. त्याच पाण्यावर आपली गुरं जातात. हे करणारी मुलं नसतात, एवढंच लिहितो, आणि ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "आपल्या बादलीनं काय होतंय? मोटारी लावून पाणी खेचतात, वाळू उपसतात, फवारणीचं औषध ओढ्यात येतं. ते थांबव की आधी." त्याचं खोटं नाही. ओढा त्यांनीही खाल्ला आहे, कदाचित आपल्यापेक्षा जास्त. पण मोटारीचं बटण माझ्या हातात नाही. बादली माझ्या हातात आहे. आणि ज्या वर्षी मोटारींनी ओढा लवकर आटतो, त्या वर्षी तर उरलेल्या डबक्याला हात लावायला नको.

घाट उतरून खाली गेलं, की रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळण कोंड आहे. कोंड म्हणजे खोल डोह. वरदायिनी देवीचा म्हणून तिथले मासे कोणी मारत नाही. मोठमोठे मासे लोकांनी टाकलेले कुरमुरे खायला वर येतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणा नदीवरही महादेवाच्या देवळापाशी असंच आहे. तिथले लोक बाकीच्या नदीत मासे धरतात, एवढी जागा फक्त सोडतात. आपल्या ओढ्याला देऊळ नाही. पण जांभळीखालचं डबकं कधी आटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी सूचना अशी, की ते एक डबकं सोडावं. तिथं उपसा नाही, मच्छरदाणी नाही, पाटीसुद्धा नाही. बाकी चार डबक्यांतून माणशी आठ मासे, तेही मोजून.

मोजायचे कसे, यावर वर्गात वाद झाला. मुलींचं म्हणणं, डब्याच्या आतून खडूने रेघ मारावी. मुलगे म्हणाले, खडू पाण्याने जाईल. शेवटी बोटांवर मोजायचे आणि दोन बोटं मोकळी ठेवायची असं ठरलं. ते किती जण पाळतात ते सुट्टीत कळेलच.

मोठ्या माणसांकडे एकच मागणी आहे. "चार मासं आण" असं सांगून पाठवलंत, तर आम्ही आल्यावर बादलीत डोकावून बघा. आणि "आणखी का नाही आणलं" असं म्हणू नका.

ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहून द्यावं. या कागदाच्या खाली तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. टाचण्या गुरुजींच्या टेबलावर आहेत.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी