बोटीचें प्रस्थान

प्रवासास निघण्यापूर्वीं प्रस्थान ठेवण्याची चाल आमच्या लहानपणीं पुष्कळ घरांत होती. मुहूर्त भलत्याच वेळीं आला आणि त्या वेळीं निघणें सोयीचें नसलें, तर तांदूळ, सुपारी, हळकुंड व एखादें वस्त्र यांचें गांठोडें बांधीत आणि ज्या दिशेस जावयाचें त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे तें नेऊन ठेवीत. प्रवास त्या क्षणीं सुरू झाला असें समजत. माणूस मागाहून सवडीनें निघे आणि जातांना गांठोडें उचलून घेई. हल्लींच्या मंडळींना ही चाल ठाऊक नसते; ठाऊक असली तर तिचें हसूं येतें. तिच्या फळाविषयीं आम्ही कांहींच बोलत नाहीं. परंतु घर सोडण्याची वेळ आणि प्रवासाची खरी वेळ यांच्यामध्यें मोकळी जागा राखावी, एवढें व्यवहारज्ञान तींत होतें, आणि आज आगबोटीच्या सहलीस जाणाऱ्या कुटुंबांना त्याची फार गरज आहे.

हें सुचण्यास निमित्त एका वाचकभगिनीचें पत्र. त्यांच्या घरचीं अकरा माणसें मुंबईहून गोवें व लक्षद्वीप अशा क्रूझवर जाणार आहेत. घर पुण्याचें. बोट सायंकाळीं सुटावयाची. सासरेबुवांचें म्हणणें, सकाळीं आठालाच धक्क्यावर हजर असावें. थोरल्या दिरांचें म्हणणें, हजार लोकांच्या रांगेंत ताटकळण्यापेक्षां अगदीं शेवटीं जावें. पैसे भरले आहेत, बोट कांहीं आपल्याला टाकून जात नाहीं. आणि ज्यांच्या हौसेसाठीं हा सारा खटाटोप, त्या एकोणऐंशी वर्षांच्या आत्याबाई मधुमेहाच्या आहेत, काठी टेकून चालतात. त्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं म्हणून त्या गप्प आहेत. भगिनी विचारतात, यांत कोणाचें खरें?

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं समुद्रप्रवास करावा कीं न करावा यावर पुष्कळ खल केला. धक्क्यावर किती वाजतां जावें याविषयीं ते कांहीं सांगत नाहींत. पहिला प्रश्न काळानें मिटविला. दुसरा आतां घरोघर उभा आहे.

सासरेबुवांचा आग्रह आम्हांस परका नाहीं. कोंकणच्या आगबोटी ज्यांनीं पाहिल्या त्या पिढीच्या हाडींमासीं तो खिळलेला आहे. भाऊच्या धक्क्यावरून त्या बोटी सुटत, तेव्हां डेकच्या उतारूला तिकिटाबरोबर जागा मिळत नसे. ती मिळवावी लागे. ज्याची वळकटी आधीं पसरली त्याची ती जागा. मागून येणाऱ्यानें यंत्राच्या धगीशीं नाहींतर शिडीच्या तोंडाशीं रात्र काढावी. म्हणून घरांतला एखादा धट्टाकट्टा मुलगा पुढें पाठवीत आणि तो सतरंजी पसरून चार माणसांची जागा अडवून बसे. त्या बोटी कधींच बंद झाल्या, संवय मात्र उरली. सहलीच्या बोटींत प्रत्येक बिऱ्हाडाला आपली नंबर घातलेली खोली असते. सकाळीं आठाला गेल्यानें ती मोठी होत नाहीं, आणि दुपारीं गेल्यानें दुसरा कोणी तींत वळकटी पसरीत नाहीं.

शिवाय त्या वेळीं बोट आपली नसतेच. ज्या दिवशीं आपण चढावयाचें त्याच दिवशीं सकाळीं मागच्या फेरीचे उतारू उतरत असतात. बोट बहुधा पहाटे धक्क्याला लागते. नऊदहा वाजेपर्यंत जुनी मंडळी व त्यांचें सामान बाहेर पडतें. मग शेंकडों खोल्यांच्या चादरी बदलावयाच्या, कोठारांत धान्य, भाजीपाला, दूध भरावयाचें, इंधन घ्यावयाचें, कचरा उतरवावयाचा. आणि हें सारें सातआठ तासांत. 'आयकॉन ऑफ द सीज' या २०२४ सालीं मायामीहून फिरूं लागलेल्या बोटीवर सर्व बिछाने भरले तर साडेसात हजारांवर उतारू मावतात, नोकरवर्ग दोन हजारांहून अधिक तो निराळा. एक लहानसें गांव दिवसाउजेडीं रिकामें करून पुन्हां वसवावें तसा हा प्रकार आहे. आमच्या गृहिणींना हें अधिक फोडून सांगावयास नको. पहिल्या पंगतीचीं पानें उठलीं नाहींत तोंच दुसऱ्या पंगतीचे पाहुणे पाटाशेजारीं येऊन उभे राहिले म्हणजे वाढणाऱ्यांची जी त्रेधा उडते, तीच येथें मोठ्या प्रमाणावर उडते.

हीच त्रेधा चुकविण्यासाठीं कंपन्या उतारूंना येण्याची वेळ नेमून देतात. २०२० च्या महामारीनंतर ही पद्धत चांगलीच रुळली. ही वेळ बहुधा अर्ध्या तासाची असते आणि निघण्यापूर्वीं कांहीं दिवस, कांहीं कंपन्यांत कांहीं आठवडे, मोबाईलवर वा संगणकावर नांवें व कागदपत्रें नोंदवितांना ती निवडतां येते. चांगल्या वेळा आधीं संपतात. एकत्र कुटुंबांत येथें एक गोम आहे. वेळ खोलीगणिक मिळते. अकरा माणसें चार खोल्यांत विभागलीं आणि चार पुत्रांनीं चार दिवशीं नोंदणी केली, तर चार निरनिराळ्या वेळा पदरांत पडतात आणि मग धक्क्यावर वादावादी होते. एकानेंच बसून सर्वांची नोंदणी एका बैठकींत उरकावी.

आतां कोणती वेळ निवडावी? बहुतेक बंदरांत अकराच्या सुमारास चढावयास सुरुवात होते. खोल्या मात्र एकदोन वाजेपर्यंत तयार होत नाहींत. पहिल्या वेळेस चढणारा बोटीवर जातो खरा, पण हातांतली पिशवी सांभाळीत जेवणाच्या दिवाणखान्यांत बसतो, आणि तेथें त्याच्यासारखेच शेंकडों लोक ताटल्या घेऊन फिरत असतात. तरुणांना व मुलांना यांत मौज वाटते. तलाव मोकळा सांपडतो, बोट हिंडून पाहतां येते. त्यांनीं खुशाल आधीं जावें. परंतु आत्याबाईंसारख्या माणसासाठीं आमचें मत असें कीं, साडेअकराला मुक्कामाच्या ठिकाणीं स्वस्थ जेवून घ्यावें आणि एकच्या सुमाराची वेळ धरावी. पहिली झुंबड ओसरलेली असते, खोली तयार असते, आणि चढल्यावर थेट अंथरुणाला पाठ टेकतां येते. घरचा डबा बोटीवर नेण्यास पुष्कळ कंपन्यांची मनाई असते. दशम्या, लाडू काय खावयाचे ते अलीकडेच खावे.

मोठें सामान धक्क्यावर हमालांच्या स्वाधीन करावें लागतें आणि तें खोलींत येण्यास कधीं कधीं संध्याकाळ होते. म्हणून इन्सुलिन, रोजच्या गोळ्या, चष्मा, कानाचें यंत्र व एक लुगडें हातांतल्या पिशवींत पाहिजे. चाकाची खुर्ची आधींच मागून ठेवावी. आत्याबाई 'मी चालेन' म्हणतील. त्यांना सांगावें कीं हा पायांचा प्रश्न नाहीं, समुद्राचा आहे. उधाणाच्या दिवशीं मुंबईस भरतीओहोटींत पाण्याची पातळी चारपांच मीटर खालींवर होते, आणि बोटीवर जाण्याच्या पुलाचा चढ त्याप्रमाणें सौम्य वा उभा होतो. पूर्वीं बॅलार्ड पियरवर विलायतेच्या बोटी लागत. त्याच भागांत इंदिरा गोदीवर आतां मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभें आहे. त्याचें उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. तपासणीसाठीं ७२ खिडक्या आहेत. तरीहि रांग ती रांगच.

थोरल्या दिरांचें म्हणणें मात्र आम्ही मुळींच मान्य करीत नाहीं. बोट टाकून जाते. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते, म्हणून आपल्या लोकांना या गोष्टीचा धाक वाटत नाहीं. बोट सुटण्याची जी वेळ छापलेली असते ती उतारूच्या उपयोगाचीच नाहीं. त्याची वेळ त्याआधीं तास-दीड तास संपते. धक्क्याच्या खिडक्या बंद होतात, याद्या सरकारकडे जातात. अमेरिकेंत सुटण्यापूर्वीं निदान ६० मिनिटें उतारूंची यादी सरकारी अधिकाऱ्यांस पाठवावी लागते. पुढें बंदरचा पायलट व ओढणाऱ्या टगबोटी ठरल्या वेळेस येतात, पुढच्या बंदरांतला धक्का ठरल्या दिवसासाठीं राखलेला असतो. गेलेला तास वेग वाढवून भरून काढावा म्हटलें तर समुद्र त्याची जबर किंमत घेतो: यंत्राला लागणारी शक्ति वेगाच्या सुमारें घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेग सव्वापट करावयाचा तर शक्ति जवळजवळ दुप्पट पाहिजे. एका बिऱ्हाडासाठीं कोणता कप्तान हा व्यवहार करील? धक्क्यावरून धांवत येणाऱ्या उतारूंना वरच्या मजल्यांवरून टाळ्या पिटून हसण्याची एक रीत पडली आहे. ती आम्हांस आवडत नाहीं. धांवणाऱ्यांत एखादी म्हातारी असतेच.

शेवटीं येणाऱ्याची आणखी एक गोष्ट निसटते, ती आपत्तीच्या वेळच्या कवायतीची. १३ जानेवारी २०१२ च्या सायंकाळीं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट इटलींतील चिविताव्हेक्किया बंदरांतून सुटली आणि अडीच तासांच्या आंत जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसें होतीं, ३२ दगावलीं. त्याच दिवशीं त्या बंदरांत चढलेल्या सहाशेंहून अधिक उतारूंची कवायत व्हावयाचीच होती, ती दुसऱ्या दिवशीं ठेविली होती. तेव्हांचा नियम चोवीस तासांची सवड देत असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: नव्या उतारूंची कवायत बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच झाली पाहिजे. धापा टाकीत चढलेला माणूस ती कशीबशी उरकतो. आपली जमण्याची जागा कोणती, आत्याबाईंना तेथें कोण नेणार, हें पाहण्यास निवांत अर्धा तास हवा.

मग सासरे-दिरांचा वाद मिटावा कसा? आमच्या मतें वाद चुकीच्या घटकेवर चालला आहे. धक्क्यावर किती वाजतां जावें, याहून बंदराच्या गांवीं केव्हां पोंचावें हें महत्त्वाचें. डेक्कन क्वीन सकाळीं सव्वासाताच्या सुमारास पुणें सोडते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईस येते. स्टेशनापासून गोदी लांब नाहीं. कागदावर हिशेब बिनचूक बसतो. पण घाटांत दरड पडली, इंजिन बिघडलें, किंवा मोटारीनें निघाल्यास द्रुतगति मार्गावर एखादा मालट्रक उलटला, तर त्या कागदाचा काय उपयोग? आदल्या दिवशीं दादरला, गिरगांवांत नातेवाइकांकडे जाऊन राहावें. नातेवाईक नसल्यास कोटांतल्या साध्या उतारगृहांत दोन खोल्या घ्याव्या. हेंच बोटीचें प्रस्थान. गांठोड्याऐवजीं या खेपेस माणसांनींच जाऊन राहावयाचें. खर्च वाढतो हें खरें, परंतु अकरा तिकिटें बुडण्याच्या मानानें तो क्षुल्लक.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत आणि जे तेथून बोटीवर चढणार आहेत त्यांनीं तर हा नियम मोडूंच नये. जाहिरातींत 'रोमहून' असें छापलेलें असतें. बोट सुटते ती वर सांगितलेल्या चिविताव्हेक्कियाहून, रोमपासून सुमारें सत्तर किलोमीटरांवर. 'लंडनहून' म्हणजे पुष्कळदां सौदॅम्प्टनहून, तें तर शंभरांहून अधिक किलोमीटर दूर. सिंगापुरांत बोटींचे दोन निराळे धक्के आहेत, मरीना बे व हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्यास नुसतें 'क्रूझ' म्हणून सांगितलें तर तो बापडा कोणत्याहि एका ठिकाणीं उतरवील. बार्सिलोनांत एकाच लांब धक्क्यावर कित्येक टर्मिनलें आहेत. तिकिटावरचें टर्मिनलाचें नांव मोठ्या अक्षरांत लिहून मुलाबाळांच्या हातीं द्यावें.

आतां एक कठीण गोष्ट, जी निघण्यापूर्वीं घरींच बोलून ठेवली पाहिजे. खिडकी बंद होण्यास दहा मिनिटें उरलीं, नऊजण आंत आहेत आणि दोघे अजून वाटेंत आहेत. मग काय करावयाचें? धक्क्यावर हा प्रश्न सुटत नाहीं, तेथें रडारड होते. पुढच्या बंदरीं गांठूं, अशी आशा पुष्कळांना असते. मुंबईहून गोव्यास तें एखादे वेळीं जमेल, तेंहि कंपनीनें आधीं होकार दिला तर. लक्षद्वीपला परवान्यावांचून पाऊल ठेवतां येत नाहीं. परदेशांत पुढच्या देशाचा व्हिसा लागेल. अमेरिकेंत तर १८८६ सालचा कायदा आड येतो: परकी निशाणाच्या बोटीला एका अमेरिकन बंदरीं उतारू घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरीं कायमचा उतरवितां येत नाहीं. सिॲटलला चुकलेला माणूस अलास्कांतील जूनो येथें चढून सिॲटलला परत येऊं म्हणेल, तर बहुधा त्यास चढूं देत नाहींत. म्हणून आधींच ठरवावें: जे आंत आहेत त्यांनीं जावें. लहान मूल मागें राहिलें तर त्याच्या आईबापांपैकीं एकानें उतरावें, आत्याबाई मागें राहिल्या तर अमक्यानें उतरावें. नांव घेऊन ठरवावें. आणि या बैठकींत आत्याबाईंना बसवून त्यांचें मत आधीं घ्यावें. इतके दिवस त्यांना कोणीं विचारलेलें नाहीं.

राहतां राहिलीं कागदपत्रें. आपल्या घरांतून अशी रीत आहे कीं, सर्वांचे पासपोर्ट, आधार, तिकिटें एका चामडी पाकिटांत घालून वडील माणसानें तें पोटाशीं धरावें. वडीलच जर गर्दींत मागें पडले, तर आधीं पोंचलेले दहाजण खिडकीसमोर रिकाम्या हातांनीं उभे राहतात, आणि वेळेवर आल्याचा त्यांस कांहीं उपयोग होत नाहीं. खोलीगणिक निराळें पाकीट करावें, त्यावर खोलीचा नंबर व नेमलेली वेळ लिहावी आणि तें त्या खोलीच्या माणसांकडे आदल्या रात्रींच द्यावें. वृद्धांचें ओळखपत्र व औषधांची चिठ्ठी त्यांच्या त्यांच्या बटव्यांत असूं द्यावी.