गल्ला बंद, पगार सुरू

घर चालवायला महिन्याला किती लागतात, असं धंदेवाल्याला विचारलं की तो आकडा सांगतो आणि तो आकडा हमखास चुकलेला असतो. त्यात लबाडी नसते. गाडीचा हप्ता, पेट्रोल, मोबाईलची बिलं, दिवाळीच्या मिठाईची खोकी, सगळं वर्षानुवर्षं 'कारखान्यात टाक' म्हणून गेलेलं असतं.

माझ्या एका मित्राने भोसरीतलं वर्कशॉप विकलं. पोरगा परदेशात, गुडघे कुरकुरत होते, गिऱ्हाईक चांगलं मिळालं. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, त्यामुळे महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क आलं. यंत्रांवर इतकी वर्षं घसारा घेतलेला, त्यामुळे वह्यांत त्यांची किंमत जवळपास शून्य. आलेली रक्कम जवळजवळ सगळी नफाच ठरली आणि त्यावर कर बसला. सगळं भागवून 2 कोटी उरले.

मग पाहुणे सुरू झाले. बँकेतला टायवाला तरुण विम्याची पॉलिसी घेऊन आला. मावसभाऊ मुळशीतला प्लॉट घेऊन आला. एका पतसंस्थेचे संचालक तर दोन टक्के जास्त व्याजाची गोष्ट सांगत पेढे घेऊन आले. बँकेत निदान प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला तेही नाही. पेढे खाऊन त्यांना वाटेला लावलं.

खरं काम वहिनींच्या डायरीने केलं. त्यांचा घरखर्च 42 हजार. कारखान्याच्या खात्यातून जाणारे घरचेच खर्च वेगळे काढले, ते 31 हजार निघाले. म्हणजे 73 हजार, वर्षाला पावणेनऊ लाख. मित्र दोनदा बेरीज तपासून म्हणाला, "अहो, एवढं आपण खातो?"

दोघांचीही साठी उलटलेली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 पासून प्रत्येकी 30 लाख ठेवता येतात. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दोघांचं मिळून तिमाहीला 1 लाख 23 हजार व्याज, म्हणजे महिना 41 हजार. (वहिनींच्या नावचे पैसे नवऱ्याने दिलेले, म्हणून ते व्याज करासाठी त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. याची आठवण कुणी करून देत नाही.) उरलेल्या 32 हजारांसाठी 48 लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजाच्या रोख्यांत. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा 0.35 टक्का जास्त असतो, पण व्याज सहा महिन्यांनी येतं आणि पैसे सात वर्षं अडकतात. म्हणून दोन वर्षांचा खर्च मोठ्या बँकेच्या ठेवीत. उरलेले साधारण 75 लाख म्युच्युअल फंडांत, थोडे थोडे करून.

फ्लॅट घेऊन भाडं खावं, असं निम्म्या पुण्याला वाटतं. कोटीच्या फ्लॅटला पंचवीस-तीस हजार भाडं, त्यातून सोसायटी, मिळकतकर आणि भाडेकरू बदलताना रिकामे गेलेले महिने वजा करा. मला तरी हा सौदा पटत नाही. म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढायची सोय चांगली आहे, फक्त एजंट ती व्याजासारखी सांगतात. बाजार पडलेला असतानाही तेवढीच रक्कम काढली तर आपण मुद्दलच खात असतो.

सगळं व्याज एका खात्यात जमतं आणि एक तारखेला तिथून 73 हजार घरखर्चाच्या खात्यात जातात. पहिले काही महिने मित्राला हे जड गेलं. गल्ल्यात रोज काहीतरी पडायचं, म्हणून काढताना हात कधी आखडला नव्हता. आता दुधाचं बिल दिलं तरी मुद्दल कमी झाल्यासारखं वाटायचं.

एप्रिल आला तशी वहिनींनी पगारवाढ मागितली. मागणी रास्त होती. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत याच संसाराला दुप्पट लागणार आणि बचत योजनेचं व्याज काही त्यासाठी वाढणार नाही. ते 75 लाख त्यासाठीच आहेत. वाढ मंजूर झाली.

कारखाना घेणाऱ्याने आता त्याला आठवड्यातून दोन दिवस सल्ल्यासाठी बोलावलंय, मानधन देऊन. जा म्हटलं, पण ते पैसे पगारात धरू नकोस. गडी खूश आहे, सकाळी आठलाच डबा घेऊन निघतो.