रुग्णशय्या हें व्यासपीठ नव्हे

गतवर्षीं आमच्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी परवां भेटावयास आला होता. पुढें इस्पितळांत चॅप्लेन व्हावें, म्हणजे रोग्यांच्या व त्यांच्या आप्तांच्या मनास आधार देणारा पाळक व्हावें, असा त्याचा मानस आहे. परंतु त्यासाठीं निराळें शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावें लागतें, हें ऐकून तो विस्मित झाला. "प्रार्थना करावयास प्रमाणपत्र कशास, सर?" असें त्यानें विचारलें. प्रार्थनेस प्रमाणपत्र लागत नाहीं, हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु प्रार्थना केव्हां करूं नये, हें समजण्यास शिक्षण लागतें, असें आमचें मत आहे. आणि तें आमच्याच एका चुकीनें बनलें आहे.

कित्येक वर्षांपूर्वीं आम्ही रविवारीं दुपारीं एका इस्पितळांत रोग्यांस भेटावयास जात असूं. तेथें रिसोड तालुक्यांतील रिठद गांवचा एक शेतकरी पाय मोडून पडला होता. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. आम्हीं त्याच्या उशाशीं बसून दुःखसहनाविषयीं चांगलें अर्धा तास निरूपण केलें, प्रार्थनाहि केली. तो हात जोडून ऐकत राहिला. न ऐकून करील काय? पायास वजन टांगलेलें. उठून जाण्याची सोय नाहीं. आम्ही निघूं लागलों तेव्हां तो हळूच म्हणाला, "मास्तर, घरी बैलायले चारा कोन टाकत असन?" तेवढें विचारावयास तो अर्धा तास थांबला होता.

अमेरिकेंत अँटन बॉयझन नांवाच्या पाळकास १९२० सालीं मानसिक व्याधीमुळें स्वतःच इस्पितळांत राहावें लागलें. बरे झाल्यावर त्यांनीं १९२५ सालीं वूस्टर येथील मनोरुग्णालयांत धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणून, ग्रंथांप्रमाणेंच माणसांचेंहि वाचन करण्यास शिकविलें. आजची पद्धत त्यांतून वाढली. विद्यार्थी रोग्याशीं झालेलें संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो आणि शिक्षक व सहाध्यायी यांजपुढें वाचतो. आम्हीं तो अर्धा तास असा लिहिला असता, तर पानेंच्या पानें आमचें बोलणें आणि तळाशीं शेतकऱ्याची एक ओळ! त्या देशांत असा एक पाठ्यक्रम सुमारें ४०० तासांचा असतो. पूर्ण प्रमाणपत्रास असे चार पाठ्यक्रम, धर्मशास्त्राची पदवी, आपल्या मंडळीची संमति, प्रत्यक्ष कामाचे २००० तास व शेवटीं परीक्षकांपुढें मुलाखत, एवढें लागतें. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयांत या शिक्षणाची सोय आहे. भारतीय सैन्यांतहि पंडित, ग्रंथी, मौलवी व पाद्री हे धर्मशिक्षक म्हणून नेमतांना पदवी व धर्माधिकार दोन्ही पाहतात. धडधाकट जवानांसाठीं जर एवढी काळजी, तर अंथरुणास खिळलेल्यासाठीं किती असावी?

मिरजेचें इस्पितळ १८९४ सालीं उघडलें, वाशीमचें रेनल्ड्स स्मारक इस्पितळ १९३८ सालीं. अशा ठिकाणीं येणारे बहुतेक रोगी अन्य धर्मांचे. ते औषधास येतात, धर्मांतरास नव्हे. त्यांच्या असहायतेचा लाभ घेऊन केलेला उपदेश प्रभूच्या नांवास शोभत नाहीं, हें आम्ही स्पष्ट लिहितों. कांहीं वडीलधाऱ्यांस तें रुचणार नाहीं.

प्रमाणपत्रानें सेवेची नोकरी होते, असाहि एक आक्षेप आहे. तो अगदींच पोकळ नव्हे. जुन्या बायबल-बाया कोणत्या परीक्षेस बसल्या होत्या? परंतु आमची खरी तक्रार दुसरी आहे. हें शिक्षण बहुधा इंग्रजींतून होतें. रिठदसारख्या गांवच्या मुलास वऱ्हाडी बोली जन्मतः येते, आणि नेमका तोच इंग्रजीच्या भयानें दाराबाहेर राहतो. त्या शेतकऱ्याच्या "असन" मधील काळजी इंग्रजी वहींत कशी उतरावी? आमच्या धर्मशास्त्रविद्यालयांनीं हें शिक्षण मराठींतून द्यावें, व गरीब विद्यार्थ्याचा खर्च मंडळ्यांनीं सोसावा.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं चार रविवार इस्पितळांत जाऊन, कोणी आपण होऊन बोलल्यास ऐकावें व घरीं येऊन लिहावें, एवढेंच सांगितलें. पहिल्या रविवारची वही त्यानें आणून दाखविली. तींत एका म्हातारीचीं तीन वाक्यें होतीं. स्वतःचें एकहि नव्हतें.