उजनी उतरली की भिगवण भरतं

उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापूरकर पेपर उघडला की आधी उजनीचा आकडा बघतो. धरण 117 टीएमसीचं, पण त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी त्याच्या खाली गेलं की ‘उजनी उणे’ अशी बातमी येते आणि नळाला आता किती दिवसांआड पाणी, याची चर्चा सुरू होते. नेमक्या त्याच सुमारास पुण्याचे कॅमेरेवाले खुशीत असतात. पाणी उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो, उथळ पाण्यात शेवाळ आणि बारीकसारीक जीव सापडतात आणि भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाऊसकाळ चांगला झाला की हीच मंडळी उशिरा येतात. मग ‘यंदा मजा नाही’ म्हणत लोक परततात!

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण. तिथून कुंभारगाव किंवा डिकसळ गाठायचं आणि उजाडता उजाडता बोटीत बसायचं. नावाडी बहुतेक मच्छीमारांच्या घरातले. आमच्या बोटीतल्या एक बाई सारख्या म्हणत होत्या, “दादा, अजून जरा पुढं घ्या ना, मोबाइलमध्ये नीट येत नाहीत.” तो इंजिन बंद करून बांबूने बोट रेटत म्हणाला, “पुढं गेलो तर उडत्याल, ताई. मग मोबाइलात नुसतं पाणीच यायचं.” थांबलो म्हणून तर दिसलं: रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळत एकेक पाऊल पुढे सरकतो. शेजारच्या बोटीत मात्र कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण उधळणं चाललं होतं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पलीकडे निवांत चरत होते. त्यांना फरसाणाचं कौतुक नसावं.

हे पाणी मुळात इथलं नव्हेच. भीमेवरचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की अजून वर येतं. पुण्याचं सांडपाणीही मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं, तेव्हा काठावर वास आला म्हणून नाक मुरडताना पुणेकराने जरा बेताने मुरडावं.

पण बहुतेक पाहुणे इथवरच येतात. पक्षी बघितले, हायवेवर मच्छी थाळी खाल्ली आणि गाडी पुण्याकडे. भिगवणचा मासळी बाजार मात्र राहून जातो, आणि मला विचाराल तर दिवसाचा खरा ऐवज तोच. हल्ली जपानची सहल करून आलेले नातेवाईक टोकियोच्या तोयोसू बाजारातला टुना माशांचा लिलाव कौतुकाने सांगतात. 2018 मध्ये त्सुकिजीहून तिकडे हललेला तो बाजार थोर आहेच. पण तो लिलाव जवळच्या सज्जातून बघायचा तर आधी अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो. भिगवणला तुम्ही पाट्यांच्या मधोमध उभे असता, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि बोली तुमच्या कानाशी.

पाट्यांमध्ये सगळ्यात जास्त चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. तिची एक जात 1952 मध्ये भारतात आणली गेली. पैदाशीला अशी दांडगी, की आज भिगवणची मच्छी म्हटलं की लोकांना आधी तीच आठवते. बाकी रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ आणि वाम. मासे साफ करणाऱ्या मावशींनी खवले खरवडले, कल्ले काढले, चिलापीच्या दोन्ही अंगांना तिरक्या चिरा पाडल्या आणि बजावलं, “घरी गेल्या गेल्या हळद-मीठ लावा, फ्रिजात तशीच टाकू नका.” घरी भाकरी आणि झणझणीत कालवण झालं. हायवेवरच्या थाळीतली मासळी चांगली असते, पण रस्सा बहुतेक ठिकाणी मसाल्यानेच मारलेला.

जायचं असेल तर मार्चअखेरपर्यंत जाऊन या, शक्यतो रविवार टाळून. थर्माकोलचा डबा बरोबर घ्या, फरसाण घरी ठेवा आणि लिलाव किती वाजता ते बोटीत बसतानाच नावाड्याला विचारून घ्या.