पिल्लं सोडणार कुठे?

जळगावचा मित्र परवा म्हणाला, “रानपिंगळा संपत चाललाय ना? झूमध्ये ब्रीडिंग करा की! सिंपल फंडा!”

इतकं सिंपल नाही, राजा. ११३ वर्षं बेपत्ता असलेलं हे छोटं घुबड १९९७मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा सापडलं. तुझ्या यावलच्या जंगलातही ते आहे. ब्रीडिंगसाठी त्यातलीच जोडी पकडायची?

पिंजोरला गिधाडं पिंजऱ्यात वाढवली, कारण बाहेर गुरांचं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून त्यांना मारत होतं. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, म्हणून सोडायची आशा तरी उरली. रानपिंगळ्याला मारतेय ती कुऱ्हाड. ढोलीचं झाडच गेलं, तर पिंजऱ्यातली पिल्लं सोडणार कुठे? आधी जंगल वाचवू, मग ब्रीडिंगचं बोलू. पटतंय?